कोलकात्याच्या चायनाटाउनात काय खावं, कुठे आणि किती वाजता

शनिवार

कोलकात्यात चायनाटाउन एक नाही, दोन आहेत. जुनं टिरेट्टा बाजार, लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाजवळ. तिथे पहाटे खायचं. नवं टँग्रा, शहराच्या पूर्वेला, सायन्स सिटीच्या अलीकडे. तिथे रात्री खायचं. वेळांची उलटापालट केलीत तर उपाशी परत याल. टिरेट्टात दुपारी बाराला गेलात तर उभ्या केलेल्या मोटारी, हातगाड्या आणि पुठ्ठ्यांचे गठ्ठे दिसतील. टँग्रात सकाळी आठला गेलात तर बंद फाटकं आणि तुमच्यावर भुंकणारी कुत्री.

हे सगळं आधी वाचून, यादी करून मी आणि माझी नणंद निघालो होतो. यादी माझी, शंका तिच्या. ती डुकराचं मटण खात नाही, मासे-कोंबडीवर मात्र तिचा भारी जीव. चायनीज म्हणजे आपल्या नाक्यावरची गाडी, लालभडक मंचुरियन आणि वर ट्रिपल शेजवान, यावर तिचं ठाम मत आहे. ‘वहिनी, तिथे ट्रिपल मिळेल ना गं?’ हा प्रश्न तिने विमानतळावरच विचारून घेतला.

उतरलो हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासाच्या जवळपास. तिथून जतीन दास पार्कचं मेट्रो स्टेशन चालत गाठता येतं आणि तीच मेट्रो न बदलता चांदनी चौक आणि सेंट्रलला नेते. जुन्या चायनाटाउनासाठी हीच दोन स्टेशनं लक्षात ठेवायची.

संध्याकाळी चांदनी चौकला उतरून गणेशचंद्र ॲव्हेन्यूवरचं ‘ओ च्यू’ गाठलं. पेट्रोल पंपाच्या वरच्या मजल्यावर हे हॉटेल आहे. पाटी शोधत बसण्यापेक्षा पंप शोधा, लवकर सापडतं. १९२०च्या दशकापासून एकाच चिनी कुटुंबाकडे असलेलं हे हॉटेल. देशात एकाच घराण्याने चालवलेलं सगळ्यात जुनं चिनी हॉटेल आपलंच, असा त्यांचा दावा आहे. आत गेल्यावर ड्रॅगन नाहीत, लाल कंदिलांची आरास नाही. साधी टेबलं, पंखे आणि एकाच वेळी चार टेबलांवर नजर ठेवून असलेले घरचे लोक.

इथे दोन पदार्थांसाठी यायचं. एक चिमणी सूप, चिमणी म्हणजे धुराड्याची, पक्षी नव्हे. ते आधी फोन करून सांगावं लागतं, ऐनवेळी मिळण्याची आशा धरू नका. भांडं आपल्या तांब्याच्या बंबासारखं असतं, मधोमध नळी, नळीत पेटते कोळसे आणि भोवतीच्या खळग्यात उकळतं सूप. त्यात कोंबडी, कोळंबी, माशाचे गोळे, अंडं, पालेभाजी आणि काचेसारख्या पारदर्शक शेवया. आमच्या भांड्यात डुकराचं मटण घालू नका, असं सांगून ठेवलं होतं आणि त्यांनी ते निमूट ऐकलं. पहिली वाटी अगदी सौम्य लागते, इतकी की नणंदेने मीठ मागितलं. मी म्हटलं, थांब जरा. कोळसे धगधगत राहतात, सूप आटत जातं आणि तिसऱ्या वाटीपर्यंत सगळ्या जिनसांचा अर्क त्यात उतरलेला असतो. मिठाची वाटी तशीच राहिली.

दुसरा पदार्थ जोसेफिन नूडल्स. या घरातल्याच एका बाईंचं नाव त्याला दिलेलं आहे. गाडीवरच्या परतलेल्या नूडल्सची सवय असलेल्या जिभेला ही रसातली, मऊ, बेताची चव सुरुवातीला कमी वाटते. मला फार आवडली. नणंद म्हणाली, ‘आजारी माणसाला द्यायला बरी.’ पण बशीत तिने काही ठेवलं नाही.

रविवार

टिरेट्टाचा नाश्ता रोज असतो, पण खरा बाजार रविवारचा. त्या दिवशी मेट्रो उशिरा सुरू होते, त्यामुळे पहाटे टॅक्सीला पर्याय नाही. चालकाला ‘टिरेट्टा बाजार’ सांगितलंत तर तो विचारात पडेल. ‘पोद्दार कोर्ट’ म्हणा, लगेच समजतं. पोद्दार कोर्ट ही ऑफिसांची मोठी इमारत. तिच्या मागच्या मोकळ्या जागेत आणि सन यात सेन स्ट्रीटच्या तोंडाशी पहाटे साडेपाच-सहापासून बाजार भरतो आणि आठनंतर विरायला लागतो. साडेआठला जे मिळतं ते उरलंसुरलं.

आम्ही पोचलो तेव्हा उजाडत होतं. थंडीचे दिवस, हवेत धुकं आणि धूर एकत्र. वाफेच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांची उतरंड, खाली स्टोव्ह आणि प्रत्येक डबा उघडला की विक्रेत्याचा चेहरा क्षणभर दिसेनासा होतो. पण आधी खरं चित्र सांगते, म्हणजे तिथे जाऊन हिरमोड व्हायचा नाही. विकायला बसलेल्यांत आता चिनी चेहरे थोडेच आहेत. बाकीचे बंगाली आणि बिहारी. मोमोंच्या शेजारी लुची-तरकारी, म्हणजे मैद्याची पुरी आणि भाजी आहे, पलीकडे चहावाला आहे, त्याच्या बाजूला भाजीवाल्याकडे मोहरीचा पाला आणि बोक चॉय. गिऱ्हाइकांत कॅमेरे घेतलेली तरुण मुलं बरीच. या गर्दीतून चिनी आजी-आजोबांचे ठेले हुडकायचे. ते ओळखायची माझी खूण एकच, चिनी म्हातारी माणसं ज्याच्याकडे पिशवी घेऊन उभी असतात तो ठेला. ती माणसं फोटो काढायला आलेली नसतात, घरी नाश्ता न्यायला आलेली असतात.

अशाच एका ठेल्यावर माशाच्या गोळ्यांचं सूप घेतलं. बाई साठीच्या पुढच्या, स्वेटरवर ॲप्रन, बंगाली अस्खलित. मोठ्या पातेल्यात उकळणारं पाणीदार सूप. एका झाऱ्यात पाच-सहा पांढरे गोळे उचलायचे, वाडग्यात टाकायचे, वरून सूप, चिमूटभर कांद्याची पात, थोडी मिरपूड. दहा सेकंदांत सगळं उरकतं. गोळा दातांखाली धरला की किंचित उसळी मारतो. मासा बारीक वाटून, मळून, आपटून केल्याशिवाय हा लवचिकपणा येत नाही. मैदा जास्त घातला की गोळा चिकट होतो आणि नुसतं पीठ खाल्ल्यासारखं वाटतं. दुसऱ्या एका ठेल्यावर तेच झालं, अर्धा वाडगा तसाच ठेवला. बाईंचं सूप मात्र दोघींनी पुन्हा मागितलं. थंडीत हात वाडग्यावर शेकत उभ्याने प्यायचं. बसायला जागा शोधू नका.

नंतर शुई माई. पातळ पोळीत खिमा भरून वरचं तोंड उघडं ठेवलेली वाफवलेली पुरचुंडी. कोंबडीची असते, डुकराचीही असते, दोन्ही डबे शेजारी शेजारी. नणंदेने प्रत्येक वेळी ‘चिकेन? शुधु चिकेन?’ असं बंगालीत दोनदा विचारून घेतलं. तुम्हालाही पथ्य असेल तर विचाराच, कोणी रागावत नाही. मग पाव, म्हणजे आतून सारण भरलेला पांढराशुभ्र, मऊ, वाफवलेला गोळा. मी डुकराच्या मटणाचा घेतला. सारण किंचित गोडसर, सोया सॉसने काळपट. त्या बाजारातला सर्वांत चांगला घास माझ्या मते तोच. तिळात घोळवून तळलेले चिकट भाताच्या पिठाचे गोळेही होते. ते गरम असतानाच खा, गार झाले की जबड्याला व्यायाम.

पोट भरल्यावर गल्ल्यांत शिरलो. हा बाजार ज्याच्या नावाने ओळखला जातो तो एदुआर्दो टिरेट्टा इटलीचा. युरोपातून निसटला आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनी सरकारच्या कोलकात्यात रस्ते-इमारतींचा अधिकारी झाला. त्याच्या मालकीचा हा बाजार. पुढे त्याचे पैसे बुडाले आणि बाजार सोडत काढून गेला. बाजार गेला, नाव राहिलं. गंमत म्हणजे व्हेनिसचा तो सुप्रसिद्ध रंगेल कासानोव्हा याचा मित्र.

चिनी लोक या भागात वसले ते गावागावांचे आणि धंद्याधंद्यांचे गट करून. दक्षिण चीनमधल्या कँटनकडचे सुतारकामात, मध्य चीनमधल्या हूपे प्रांताकडचे दात बसवण्यात आणि हक्का नावाच्या चिनी समाजातले चांभारकामात. बेंटिंक स्ट्रीटवरच्या बुटांच्या दुकानांची ख्याती त्यांच्यामुळेच. प्रत्येक गटाने आपापला मठ बांधला, तिथेच देऊळ, तिथेच बैठक, तिथेच नव्याने आलेल्याची सोय. सरसकट सगळे त्यांना ‘चर्च’ म्हणतात, येशूचा मात्र संबंध नाही. छातावाला गल्लीतलं सी इप चर्च १९०५ सालच्या इमारतीत आहे. आत क्वान यिन ही करुणेची देवी. कँटनजवळच्या ज्या चार तालुक्यांच्या लोकांनी ते उभारलं, त्याच भागातल्या खलाशांचं देऊळ आपल्या मुंबईत माझगावला आहे, सी यप मंदिर. मुंबईकरांपैकी कितीजणांना ते माहीत असतं कोण जाणे. नणंद तर त्या बाजूला नोकरीला होती, तरी तिने नाव ऐकलं नव्हतं.

ब्लॅकबर्न लेनमधलं टूंग ऑन चर्च खाणाऱ्याने पाहायलाच हवं, देवासाठी नाही तर खालच्या मजल्यासाठी. वर युद्धदेव क्वान ती आणि खाली ‘नानकिंग’ नावाचं हॉटेल होतं. एकेकाळी शहरातलं सगळ्यात झोकदार चिनी हॉटेल. हिंदी सिनेमातले बडे नट कोलकात्याला आले की इथे जेवायचे. ते १९७०च्या दशकात बंद पडलं. आता बाहेरून ती लांबरुंद लाल इमारत बघायची आणि पुढे चालायचं.

एवढी मोठी चिनी वस्ती अशी ओसरली का, तर एक कारण १९६२. चीनशी युद्ध झालं आणि सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना घरांतून उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यांत इथेच जन्मलेले, चीन कधी न पाहिलेलेही होते. काहीजण अनेक वर्षांनी सुटले. परत येऊन पाहावं तर दुकान दुसऱ्याचं. त्यानंतर ज्याला जमलं तो कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँगकडे गेला. शिवाय नवे रस्ते आणि ऑफिसांच्या इमारतींसाठी जुन्या वस्तीचा मोठा तुकडा पाडला गेला. ज्या पोद्दार कोर्टच्या सावलीत आम्ही सूप प्यालो ती सावली तशी फुकटची नव्हती.

दुपारी छातावाला गल्लीतच ‘तुंग नाम’मध्ये जेवलो. घराच्या पुढच्या खोलीत टेबलं टाकावीत तेवढीच जागा. भिंतीवर सजावट नाही, मेन्यू कार्ड एक पान. इथे मेइफून मागवा, तांदळाच्या बारीक शेवया, कोरड्या परतलेल्या, तेल हाताला न लागणाऱ्या. तळलेले वोनटोन कुरकुरीत. आणि डुक्कर खात असाल तर हाम चॉय घातलेलं मटण. हाम चॉय म्हणजे खारवून आंबवलेला मोहरीचा पाला. चरबीच्या मटणात हा आंबटखारट पाला पडला की चरबी जड होत नाही. हक्का घरांतला हा रोजचा पदार्थ, मोठ्या हॉटेलांच्या कार्डावर सहसा नसतो. नणंदेने माझ्या ताटातला नुसता पाला मागितला. मी म्हटलं, मटणाबरोबर शिजलाय गं. क्षणभर विचार करून तिने स्वतःचं मेइफून पुढे ओढलं.

माझ्या मते आख्ख्या सहलीतलं सर्वांत चांगलं जेवण हे. त्याचं कारण साधं आहे. शेजारच्या टेबलावर एक चिनी कुटुंब तेच जेवत होतं, आणि स्वयंपाक त्यांना ध्यानात ठेवून केलेला होता.

सोमवार

खाण्याच्या दृष्टीने वाया, पण गेलो त्याचं वाईट वाटलं नाही. सियालदाहून बज बजची लोकल, पुढे रिक्षाने अचीपूर. हुगळीच्या काठचं गाव. १७७८च्या सुमारास टाँग अच्यू नावाचा चिनी इसम इथे आला, वॉरन हेस्टिंग्जने त्याला वर्षाला ४५ रुपये भाड्याने ६५० बिघे जमीन दिली आणि त्याने ऊस लावून साखरेचा कारखाना काढला. कामाला चिनी मजूर आणले. तो वारल्यावर कारखाना बसला आणि मजूर शहराकडे सरकले. टिरेट्टाची सुरुवात ती अशी. नदीकाठी त्याची लाल रंगाची, घोड्याच्या नालेच्या आकाराची समाधी आहे आणि गावात छोटं देऊळ. तिथल्या दैवताच्या जोडीला गावकरी खुदा-खुदी म्हणतात. चिनी नववर्षाच्या सुमारास शहरातली कुटुंबं इथे येतात, भाजलेलं अख्खं डुक्कर, फळं, मिठाया वाहतात. एरवी मात्र शुकशुकाट. खायचं म्हणाल तर चहा, बिस्किट आणि मुडी, म्हणजे चुरमुरे. नदीकाठी बसून झालमुडी खाल्ली. उत्तम होती, पण तिचा चीनशी काही संबंध नाही.

मंगळवार

टँग्राला दिवसाउजेडी जावं आणि रात्र झाल्यावर परत यावं. आधी गल्ल्या बघायच्या, मग जेवायचं.

हे दुसरं चायनाटाउन चामड्याने उभं केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हक्का लोक शहराबाहेरच्या या दलदलीत आले आणि त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने टाकले. त्या धंद्याला वरच्या जातींनी हात लावला नसता, त्यामुळे स्पर्धा नव्हती. वर्षानुवर्षं टँग्रा म्हणजे भिंती, नाले, वास आणि पैसा. मग सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६मध्ये प्रदूषणाच्या खटल्यात निकाल दिला की हे कारखाने शहरातून हलवा. ते बानतालाच्या लेदर कॉम्प्लेक्समध्ये जायचे होते. काही गेले, अनेकांनी धंदाच सोडला. मोकळ्या झालेल्या शेडमध्ये हॉटेलं आली. हॉटेलं त्याआधीही होती, पण मोठा लोंढा यानंतरचा. म्हणून तर टँग्रात जेवायला बसलं की छत इतकं उंच आणि दालन इतकं लांब. तिथे आधी कातडी वाळत होती.

गल्ल्यांना दोन्ही बाजूंनी उंच भिंती, मधूनच लोखंडी फाटक, त्यावर लाल कागदावर सोनेरी चिनी अक्षरं. आत काय आहे ते दिसत नाही. पेइ मे शाळेची इमारत दिसली. आता तिथे वर्ग भरण्यापेक्षा नववर्षाचे कार्यक्रमच जास्त होतात, असं एका दुकानदाराने सांगितलं. इथून १९६९पासून ‘सेओंग पाउ’ नावाचं चिनी भाषेतलं दैनिक निघायचं, करोनाच्या काळात तेही बंद झालं.

संध्याकाळी मठेश्वरतला रोडवरची चिनी काली पाहिली. मंदिर लहान, मूर्ती बंगाली, आणि नैवेद्याला नूडल्स, चॉप सुई, भात. गोष्ट अशी सांगतात की इथे आधी एका झाडाखाली शेंदूर लावलेले दोन काळे दगड होते. एक चिनी मुलगा आजारी पडला, औषधं थकली, आईबापांनी त्याला झाडाखाली ठेवून नवस केला आणि तो उठून बसला. मग चिनी कुटुंबांनी वर्गणी काढून मंदिर बांधलं. आम्ही गेलो तेव्हा एक चिनी बाई उदबत्त्यांचा जुडगा दोन्ही हातांत धरून वाकत होत्या आणि शेजारी बंगाली पुजारी घंटा वाजवत होते. नूडल्सचा प्रसाद काही आम्हाला मिळाला नाही, तो खास दिवशी. नणंदेने देवीपुढे हात जोडले आणि बाहेर येऊन विचारलं, ‘मग आता जेवायचं ना?’

आता मुद्द्याचं. टँग्रात हॉटेलं भरपूर: बीजिंग, किम लिंग, काफुलोक, बिग बॉस, गोल्डन जॉय ही नावं कोणताही टॅक्सीवाला सांगेल. सगळ्यांची कार्डं जवळपास सारखी आणि भांडी ओसंडून वाढतात. दोघींनी चार पदार्थ मागवले तर दोन बांधून न्यावे लागतात. पहिल्या हॉटेलात, त्याचं नाव सांगत नाही, आम्ही उत्साहाने ढीगभर मागवलं आणि आलं ते सगळं कॉर्नफ्लॉवरच्या एकाच तपकिरी रश्श्यात बुडालेलं. कोंबडी, मासा, कोळंबी, तिघांची चव एकच. रसाचे पदार्थ मागवायचे नाहीत हा धडा तिथेच घेतला आणि बाकीचं बांधून घेऊन दुसरीकडे गेलो. होय, एका रात्री दोनदा जेवलो.

दुसऱ्या ठिकाणी फक्त कोरडे पदार्थ. चिली चिकन. आपल्याकडच्या गाडीवरची ती लाल, गोडसर, शिमला मिरचीचे मोठे चौकोन घातलेली नाही. इथली जवळजवळ काळी. हाडासकट लहान तुकडे, पातळ आवरण, मग तापलेल्या कढईत लसूण, उभी चिरलेली हिरवी मिरची, काळा सोया सॉस. मिरची खरी हिरवी, तिखटपणा नाकात जाणारा, रंगाचा मागमूस नाही. सॉस तुकड्याला चिकटलेला, ताटात ओघळलेला नाही. दुसरा पदार्थ तळलेली कोळंबी, कागदासारख्या पातळ सोनेरी आवरणातली, आत कोळंबी रसाळ. तिसरा हक्का नूडल्स. या पदार्थाला ज्यांचं नाव आहे त्यांच्याच वस्तीत बसून खातोय हे मी नणंदेला मोठ्या थाटात सांगितलं. ती म्हणाली, ‘तरीच कोरड्या आहेत आणि मोकळ्या आहेत. आपला गाडीवाला केचप घालतो.’

तिचा ट्रिपल शेजवान मात्र मिळाला नाही. वेटरला समजावून सांगायचा तिने प्रयत्न केला: भात, नूडल्स आणि रस्सा, तिन्ही एका बशीत. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, तिन्ही वेगवेगळे आणू का? ट्रिपल ही मुंबई-पुण्याकडची कामगिरी आहे, कोलकात्याचा तिच्यात हात नाही. पण मंचुरियनमध्ये आहे. कोलकात्यात जन्मलेले, मूळ चिनी घराण्यातले नेल्सन वांग मुंबईला आले आणि १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात त्यांनी आलं, लसूण, हिरव्या मिरच्यांच्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून चिकन मंचुरियन केलं, अशी गोष्ट सर्वत्र सांगतात. म्हणजे आपल्या नाक्यावरच्या गाडीचं आजोळ हेच. दादर-डोंबिवलीच्या गाडीला नावं ठेवणाऱ्या ‘अस्सल चायनीज’वाल्यांनी एकदा टँग्रात जेवून पाहावं. हिरव्या मिरच्या इथल्या हक्कांनीच कढईत घातल्या आणि त्यांना त्याची मुळीच लाज नाही. टँग्रातून टोरांटोला गेलेल्यांनी तिथे ‘हक्का’ नावाने हॉटेलं काढली आणि तिथेही तेच चिली चिकन विकतात. कॅनडात राहणारी माझी मावसबहीण घरची आठवण आली की तिथेच जाते.

परतताना टॅक्सी पटकन मिळत नाही. आधी सांगून ठेवा. आतल्या गल्ल्यांत दिवे कमी आहेत.

बुधवार

सकाळी पुन्हा टिरेट्टा, या वेळी फक्त खरेदीला. रविवार नसल्यामुळे ठेले निम्मे. त्या दिवशीच्या सूपवाल्या बाई ओळख दाखवून हसल्या. सन यात सेन स्ट्रीटवर ‘हाप हिंग’ हे जुनं दुकान आहे, बाहेरून औषधांचं वाटेल असं. आत उदबत्त्या, वाळवलेले मशरूम, चहा, सॉसेज. टांगलेले लालसर, सुरकुतलेले डुकराचे सॉसेज म्हणजे लाप चोंग. भातावर वाफवून खातात. नणंद दुकानाच्या दाराशी थांबली.

सॉससाठी ‘पाउ चोंग’ आणि ‘सिंग चेउंग’ ही १९५०च्या दशकातली दोन घराणी, दोन्ही याच वस्तीत वाढलेली. कोलकात्याच्या कुठल्याही रोलच्या गाडीवर जो हिरवा, झणझणीत सॉस असतो त्याचं मूळ इथे. दुकानात बाटल्यांची रांग: सोया, लाल मिरची, हिरवी मिरची, ऑइस्टर. शिवाय वाळवलेल्या नूडल्सची पाकिटं. नणंदेने दुकानदाराला विचारलं, ‘शेजवान आहे?’ त्यांनी एक लाल बाटली पुढे केली. तिने झाकण न उघडता नुसतं उलटंसुलटं करून बघितलं, परत ठेवली आणि हिरव्या मिरचीच्या चार बाटल्या घेतल्या. ‘लाल आपल्याकडे आहे की.’

बाटल्या हँडबॅगेत चालत नाहीत. चेक-इन सामानात टाका, वर्तमानपत्रात गुंडाळून आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. लाप चोंग न्यायचं असेल तर ते निघायच्या दिवशीच घ्या आणि घरी पोचल्यावर ताबडतोब फ्रिजमध्ये. जमलं तर रविवारी पहाटे टिरेट्टात असाल अशी तिकिटं काढा. चिनी नववर्षाच्या आठवड्यात जाणार असाल तर सिंहनृत्यं बघायला मिळतील, फक्त टँग्रात टेबल आधी राखून ठेवा.